जाळीतला कडुनिंब

आमच्या कोपऱ्यावरचा कडुनिंब रोपटं होता, तेव्हा नगरपालिकेनं त्याला लोखंडी जाळी घातली, म्हणून तो शेळ्यांच्या तावडीतून वाचला. आज तो दुमजली घराएवढा झालाय आणि तीच जाळी त्याच्या सालीत रुतलीय. सावलीत इस्त्री करणाऱ्या शांताबाईंना म्हटलं, "कापून काढू या का?"

"हात नका लावू, भाऊ. झाडाला हात लावला की केस होते."

म्हणजे झाडं वाचवणारा कायदाच आता झाडाचा गळा सोडवू देत नाही! आपल्यालाही सरकार असंच जपतं. पण राखण करणाऱ्यानं बाजूला कधी व्हायचं, हे त्याला सांगायचं कुणी? दिवसभर जिवाला चैन पडेना.

संध्याकाळी रस्त्यापलीकडे कुणीतरी नुकतंच लावलेलं जांभळाचं रोप दिसलं आणि त्याच्याकडे निघालेली शेळी. तिला हाकलत मीच ओरडलो, "अरे, याला जाळी कुठंय?"