वेणूचे दात

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाघोलीच्या घरी चहा गाळत होतो. तिच्या शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अहो, जरा लवकर या," आणि पुढे काही बोलल्याच नाहीत. तेवढ्यावरून कळलं. आदल्याच रविवारी विश्रांतवाडीला जाऊन मी तिला भेटून आलो होतो. दम लागत होता, वाक्याच्या मध्येच थांबावं लागत होतं, पण तिनं बोलायला काढलं ते तब्येतीचं नव्हतंच. "दुसऱ्या भागाची जाहिरात आलीय म्हणे... पाहिलीस? या वेळी काय केलंय वेणूचं?" मी म्हटलं, तू आधी बरी हो. "विषय बदलू नकोस," ती म्हणाली. आमचं शेवटचं बोलणं हे एवढंच.

वेणू म्हणजे 'उंडगी वेणू'. आमच्या लहानपणी मुलांच्या एका मासिकात ही चित्रकथा यायची. ट्रक ड्रायव्हरची मुलगी, बापाबरोबर गावोगाव फिरणारी, सावळी, आणि पुढचे दोन दात चांगलेच बाहेर आलेले. ती हसली की चित्रकार अर्धी चौकट दातांनाच द्यायचा. माझी बहीण शैला, म्हणजे ताई, तीही सावळी, आणि तिचेही दात तसेच. शाळेत मुली तिला "खिसणी" म्हणायच्या. हसताना तोंडावर हात धरायची तिला सवय लागली होती. वेणू घरात आली आणि काही महिन्यांत तो हात खाली आला. कुणी सांगितलं नाही, कुणी समजूत घातली नाही... एका चित्रातल्या मुलीनं ते काम केलं. पुढे लग्नाचं बघायला लागल्यावर बाबांनी दातांना तार बसवून घ्यायचा विषय काढला. ताई शांतपणे म्हणाली, "ज्याला दात बघायचेत त्यानं दातांच्या डॉक्टरकडे जावं." लग्न तिनं केलं नाही ते नाहीच. एका सरकारी कचेरीत नोकरी केली, स्वतःचा फ्लॅट घेतला, आणि त्यातलं एक कपाट फक्त वेणूच्या अंकांना दिलं. कुणी कीव करायला आलं की चहा देऊन बोळवण करायची.

या वेणूवर सिनेमा येतोय असं कळलं तेव्हा ताईला झालेला आनंद मी पाहिलाय. निवृत्त झालेली बाई, पण कोणता प्रसंग घेतील, ट्रक खरा असेल का, बापाचं काम कोण करेल, रोज मला फोन. मनात धाकधूकही होती. "आपल्या घरातली पोरगी परक्यांच्या हाती द्यायची म्हणजे..." असंही म्हणायची. पहिल्याच दिवशी आम्ही दोघं गेलो. खेळ संपल्यावर दिग्दर्शक गप्पा मारायला येणार होते. पडदा उजळला, वेणू आली, हसली. मोत्यांसारखे सरळ, पांढरे दात. ताईनं माझा हात इतका घट्ट धरला की तिची बांगडी मला रुतली.

सिनेमा संपल्यावर ती उठून उभी राहिली. म्हणाली, "नमस्कार. वेणूचे दात कुठे गेले?"

सभागृह हसलं. दिग्दर्शकही हसले. "काकू, कॅमेऱ्यासमोर ते बरं दिसत नाही हो."

"मग कॅमेरा बदला."

आता कुणी हसलं नाही. ताई पुढे म्हणाली, "गोष्ट बदललीत, गावं बदललीत, माझं काही म्हणणं नाही. सिनेमा वेगळा असतो, मला कळतं. पण ज्या मुलींना पाहून कुणालाच बरं वाटत नाही त्यांच्यासाठी ही पोरगी होती. ती तुम्ही दुरुस्त करून टाकलीत." आणि खाली बसली.

कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं आणि ते सगळीकडे फिरलं. वेणूच्या चाहत्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता, त्यांनी ताईला डोक्यावर घेतलं. आठवडाभर ती त्यांची झाशीची राणी होती. मग त्या लोकांनी वेणूचं काम करणाऱ्या मुलीवर तोंड सोडलं. तिचं नाक, तिचे कपडे, तिचे आईबाप... ताईनं दोन दिवस वाचलं आणि लिहिलं, "दात त्या लेकरानं नाही काढले. तिनं काम चांगलं केलंय. बापाला यायला उशीर होतो आणि ती एकटी ट्रकमध्ये बसून राहते, तो प्रसंग चित्रकथेत एका चौकटीत उरकलाय. सिनेमात त्यांना तो चित्रकथेपेक्षा चांगला जमलाय. मी रडले."

एकानं विचारलं, "ताई, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं?"

"वेणूच्या," तिनं उत्तर दिलं. संध्याकाळपर्यंत तिला ग्रुपमधून काढलं होतं. मला फोन करून म्हणाली, "बरं झालं. फार शुभेच्छा पाठवायचे सकाळी." मग तोच सिनेमा आणखी दोन-तीनदा बघून आली. एवढा राग आहे तर जातेस कशाला, असं मी विचारलं. "राग आहे म्हणून भाची टाकतात का?" एवढंच म्हणाली. ट्रकचा प्रसंग येईपर्यंत कुरकुरायची, तो आला की डोळे पुसायची आणि संपला की पुन्हा कुरकुरायला मोकळी. तिच्या प्रेमात गप्प बसणं बसत नव्हतं आणि पाठ फिरवणंही बसत नव्हतं.

तेराव्यासाठी माझ्या मुलानं, निखिलनं, तिचा फोटो मोठा करायला दिला होता. सहलीतला, खळखळून हसतानाचा. स्टुडिओतून फ्रेम घरी आली आणि मी बघतच राहिलो. स्टुडिओवाल्यानं संगणकावर ताईचे दात सरळ केले होते. रंगही उजळला होता. मी तशीच फ्रेम उचलून निखिलबरोबर स्टुडिओत गेलो. तो बिचारा गोंधळला. "काका, सगळ्यांचेच करतो थोडे नीट. घरच्यांना आवडतं."

"ही कोण आहे मला माहीत नाही," मी म्हटलं. "माझ्या बहिणीचा फोटो द्या."

आयुष्यात मी दुकानदाराशी कधी आवाज चढवून बोललो नाही. त्या दिवशी बोललो. समोर बसून काढून घेतला फोटो, जसा होता तसा. निखिल वाटेत म्हणाला, "बाबा, तुम्ही अगदी आत्यासारखे बोललात."

वेणूच्या अंकांचं कपाट आता वाघोलीला आणलंय. फोटो आमच्या दिवाणखान्यात लावलाय, बरोबर टीव्हीच्या समोरच्या भिंतीवर. सूनबाई म्हणाल्या, फोटो देवघराजवळ शोभेल. मी नको म्हटलं. दुसरा भाग टीव्हीवर आला की तो आम्ही इथेच लावणार आहोत, तिच्यासमोर. वेणूला जपून केला असेल तर बरं.