चाकं आत, चाकं बाहेर

आमच्या अंगणात ह्यांची ट्रॅक्टरदुरुस्ती चालते. मी चहा द्यायला जाते आणि रिकाम्या कपांबरोबर एखादा किस्सा घेऊन परत येते. कप धुतले जातात, किस्से राहतात!

मी मेहरूणची. लग्न होऊन धुळ्याकडच्या या गावात आले. सातवीपर्यंत शिकले, पण ट्रॅक्टरचं एक अक्षर माहीत नव्हतं. आता मात्र सगळं विचारते. कारण आमची परी चार वर्षांची आहे आणि रोज मडगार्डवर बसून सासऱ्यांबरोबर, म्हणजे आबांबरोबर, शेतात जाते. वाट पाटाच्या बांधावरची, एका अंगाला उतरती. ट्रॅक्टर दिसेनासा झाला की माझा जीव टांगणीला!

*

पहिल्यांदा ह्यांना विचारलं, "एकच ट्रॅक्टर कधी अरुंद दिसतो, कधी रुंद. असं कसं?"

"चाकं तीच. डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे टाकलं की फाकतात."

मला काही पटेना. मग "चाकाची तबकडी ताटासारखीच खोलगट असते," म्हणत ह्यांनी स्वयंपाकघरातून दोन ताटं आणली. समोरासमोर धरली तर काठ जवळ आले, पाठीकडे पाठ करून धरली तर लांब गेले. हात तेवढ्याच अंतरावर! मी बघतच राहिले.

सासूबाई भाकरी घेऊन उभ्या. "व्हयनी का शाळा? आते जेवन कशामा वाढू?"

*

गल्लीतल्या बापूंनी मजुरी वाचवायला घरीच चाकं फाकवली. पण बाजू न बदलता, जागच्या जागीच उलटवली. टायरची नक्षी उलटी झाली. चिखलात चाकं जागेवरच गरगरली.

दुसऱ्या दिवशी अंगणात येऊन ह्यांना म्हणाले, "योगेश, रिव्हर्समध्ये मस्त ओढतो रे! नांगर पुढे बांधून देतोस का?"

*

शेजारच्या नानांनी कुणाचं तरी ऐकून चाकं रुंद केली. "आता उलटायची भीती नाही!" म्हणून ट्रॅक्टर थेट कपाशीत घातला. चाक बरोबर ओळीवर!

मागून त्यांची बायको चालत होती. आडव्या पडलेल्या झाडांकडे बघून म्हणाली, "अहो, कपाशी लावली होती की चटई अंथरली होती?"

*

मग मी स्वतःच करून पाहिलं. परीचा खेळण्यातला ट्रॅक्टर पोळपाटावर आडवा ठेवला आणि पोळपाट हळूहळू एका बाजूने उचलला. थोडासाच उचलला, तर कलंडला. मग चाकांना बाहेरून कणकेचे गोळे चिकटवून रुंद केला. आता पोळपाट कितीतरी जास्त उचलावा लागला!

हे हसले. "इंजिनिअरच आणली की घरात!"

"मग आपली चाकं आत का?"

आबा ओट्यावरून म्हणाले, "तुले काय समजस? फाकाडी तं कपाशी मोडी जाई."

मी कणीक काढली आणि पोळपाट पुन्हा उचलला. ट्रॅक्टर धाडकन पडला.

परी टाळ्या वाजवत ओरडली, "आबा पडले! आबा पडले!"

सगळे हसले. आबा सोडून.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ठणठण ऐकून बाहेर आले, तर आबांनी ट्रॅक्टर जॅकवर चढवलेला. दोन्ही मोठी चाकं बाहेर फाकवलेली!

"आबा, कपाशी?"

"कोळपाले बैल शेतस." म्हणजे कपाशीतलं तण आता बैलच काढणार.

चाकं तर फाकली, पण आता ट्रॅक्टर अंगणाच्या फाटकातून निघेना. मला वाटलं, झालं! चाकं परत आत जाणार. आबांनी पहार आणली आणि एका बाजूचा खांबच पाडला. तो खांब त्यांनी स्वतः बांधलेला. कुणी सायकल टेकवली तरी ओरडायचे!

ट्रॅक्टर बाहेर आला. परी धावत मडगार्डकडे गेली. आबांनी तिला उचललं आणि खाली रस्त्यावर ठेवलं.

"तू नि मी पायी जाऊत. ट्रॅक्टर तुना बाप लई येई."

हे पहारीकडे, मग पडलेल्या खांबाकडे बघत म्हणाले, "आबा, मग हे फाटक कुणासाठी फोडलं?"

"तू बी मना पोऱ्याच शेस," म्हणत आबांनी परीचं बोट धरलं आणि बांधाच्या वाटेला लागले.