कबरीला वळसा

गुलबर्गा, बीदर, आता विजापूर. कुठला घुमट कुठल्या सुलतानाचा, याचा माझ्या डोक्यात पार काला झाला होता. या मकबऱ्यात गाईड बोलत होता आणि आमच्या सहलीतल्या काकू अनवाणी कबरीभोवती फिरत होत्या.

"काकू, हे देऊळ नाही," मी हळूच म्हणालो.

"माहितीये रे. पण झोपलेल्या माणसाला कुणी ओलांडतं का? वळसाच घालायचा."

ही प्रदक्षिणा, की निजलेल्याची नुसती काळजी? मला काही कळेना. वर पारवे घुमत होते. मी कबरीकडे तोंड करून उभा होतो; बाहेरचं दार माझ्या उजव्या हाताला, अगदी जवळ होतं. तरी कबर उजवीकडे ठेवून मी लांबच्या वाटेने निघालो.

"साहेब, काही हरवलंय का?" गाईडने विचारलं.

मला चटकन 'नाही' म्हणता येईना.