एका सहीसाठी तारोडीला

पुण्याहून बस धरून मी तारोडीला निघाले होते. वॉल्टर सरांच्या आत्मचरित्राचा मी केलेला अनुवाद छपाईला जाणार, तोच त्यांचा निरोप आला होता : 'थांबा. आधी येऊन भेटा.' दोन वर्षांचं काम फुकट गेलं, असंच मी धरून चालले होते.

वॉल्टर सर तीस वर्षं अमेरिकेचे राजनैतिक अधिकारी होते, नंतर परराष्ट्र धोरणाचे प्राध्यापक. पहिली नेमणूक मुंबईच्या वाणिज्य दूतावासात. मराठी तिथेच शिकले. त्यांचे तेव्हाचे ड्रायव्हर मुंबईच्या उत्तरेला, समुद्राकाठच्या उत्तनजवळच्या तारोडी गावचे. ते आता नाहीत, पण त्यांच्या पत्नीकडे, फिलोमिना मावशींकडे, सर दर हिवाळ्यात येऊन राहतात.

हायवेवर काशीमीऱ्याला उतरून घाईघाईत शेअर रिक्षात बसले आणि पोहोचले गोडदेवला, रेल्वेच्या भलत्याच बाजूला, पूर्वेला.

"मॅडम, उत्तन तो वेस्ट में है," रिक्षावाला म्हणाला.

"आधी नाही का सांगायचं?"

"आपने पूछा कहाँ?"

पश्चिमेला जाऊन उत्तनची बस धरली. मिठागरं मागे पडली, चढ संपला आणि समुद्र दिसला. रस्त्याकडेला बांबूंवर बोंबील वाळत होते.

तारोडीला मावशींच्या घरी पोहोचले. सर काही बोलणार, तोच मावशींनी अडवलं. "जेवल्याबिगर बोलायचा न्हाय!" ताटात बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी.

जेवणानंतर ओट्यावर सरांनी माझी पानं उघडली. "तुम्ही लिहिलंय, युद्धाचं समर्थन करणाऱ्या अहवालावर मी सही नाकारली. मी सही केली होती."

मूळ पुस्तकात 'पुढे ते मला मान्य करता आलं नाही' एवढंच होतं. त्यातून नकाराचं शौर्य मीच उभं केलं होतं.

"का केलीत?" मी विचारलं.

"पुढची नेमणूक हवी होती. राजीनामा वर्षभराने दिला. तोवर युद्ध सुरू झालं होतं. मीच ते धूसर लिहिलं. मराठीत तरी सरळ येऊ द्या."

"आणि बाकीचं पुस्तक?"

"बाकीचं छान आहे की!"

मला एकदम हसू फुटलं, डोळेही भरून आले. तिथंच बसून आम्ही वाक्य लिहिलं : 'मी सही केली.' सरांनी ते मोठ्याने वाचलं आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. मावशी म्हणाल्या, "आता कसा हलका दिसतोय बग."

परतताना खिडकीची जागा मिळाली. या माणसाला मी दोन वर्षं दुरून पूजलं होतं. आज तो मला आवडला. काशीमीरा मागे पडलं आणि मला गाढ झोप लागली.