पंपाच्या खोलीवरली राज्यघटना

तुराट्यांच्या बिंड्यातली एक काडी ओढली की चार खाली पडतेत. आमच्या ईट गावच्या क्रिकेट टीमचे किस्से तसेच हायत. एक सांगाया गेलो की बाकीचे अंगावर येतेत. आता तुमीच इचारलंय, तर बसा निवांत.

विक्या आमचा कॅप्टन. का? तर बॅट त्याची आन् रान त्याच्या बापाचं. आमी काय आणायचं? बॉल! विक्या आउट झाला की म्हणायचा, "ट्रायल व्हता!" आमी आउट झालो की तोच बोट वर करायचा.

त्यातच सय्यद सरांनी वर्गात अमेरिकेचा इतिहास काढला. इंग्लंडचा राजा समुद्रापल्याड बसून अमेरिकेतल्या लोकांवर कर लावायचा, आन् लावताना त्यांना इचारायचं नावच न्हाय. मग तिथल्या लोकांनी एका बंदरात, कर लावलेल्या इंग्रजांच्या चहाच्या पेट्याच समुद्रात फेकल्या.

म्या सलीमकडं बघितलं. सलीमनं माझ्याकडं. संध्याकाळी आमी सगळे बॉल विक्याच्या विहिरीत फेकले. "आमाला इचारल्याबिगर आता बॉल न्हाय!"

विक्यानं वाकून बघितलं. खाली बॉल मजेत तरंगत व्हते.

"चहा त्या इंग्रजांचा व्हता ना रं?" विक्या म्हणला. "बॉल तर तुमचेच हायत!"

*

पण त्यानंतर नवा बॉल कोणीच आणंना. नुसती बॅट घेऊन विक्या दोन दिवस बांधावर बसला. मग स्वतःच म्हणला, "बोला, काय करायचं?"

आमी सरांकडं गेलो. "सर, राजाला हाकलल्यावर त्यांनी पुढं काय केलं?"

"राज्यघटना लिहिली," सर म्हणले. "एकाच्या हातात सगळं द्यायचं नाही, हे मूळ. कायदा करणारे वेगळे, चालवणारा वेगळा, निवाडा देणारे वेगळे. आणि तिघांनी एकमेकांवर नजर ठेवायची."

झालं! विक्याच्या पंपाच्या खोलीची भिंत आन् चुलीतला कोळसा. कायदा करणार सगळी टीम. चालवणार विक्या. निवाडा देणार सलीम, अंपायर म्हणून. त्याला विक्यानं नेमला, आमी हात वर करून मान्य केला. खाली लिहिलं : 'निवाडा आवडला न्हाय म्हणून अंपायर काढायचा न्हाय. आधी कायदा, मग शिक्षा. भिंतीवर नवं लिहायला टीममधले दोन तृतीयांश हात लागतेल.'

आन् सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात : 'आमी ईटची पोरं.'

विक्याची बहीण राणी शेळी घेऊन उभी व्हती. "आमी म्हंजे कोण कोण?"

"आमी म्हंजे आमी," म्या म्हणलो.

दुसऱ्या दिवशी ती थेट सरांकडं. सर हसले. "अमेरिकेतही आधी तसंच होतं. 'आम्ही लोक' म्हणून लिहिलं, पण त्यात बायका धरल्या नाहीत, गुलाम धरले नाहीत. पुढे खूप वर्षांनी दुरुस्त्या झाल्या."

राणीनं संध्याकाळी बॉल हातात घेतला आन् म्या, सलीम, विक्या, तिघांच्या स्टंपाच्या काठ्या उडवल्या. "तेवढी वर्षं मला टाइम न्हाय!"

पहिली दुरुस्ती तिथंच झाली.

*

मग आमी कायदा केला, बाभळीच्या काट्यात बॉल गेला की कॅप्टननं पण काढायचा. विक्यानं नकार दिला. कॅप्टनला तेवढा अधिकार व्हता, अमेरिकेच्या अध्यक्षाला असतो तसा. पण दोन तृतीयांश हात वर झाले तर त्याचा नकार मोडतो, हे सरांनी सांगितलेलं.

"अकराचं दोन तृतीयांश किती?"

सलीमनं मातीत भागाकार केला. "सात पूर्ण आन् वर एक तुकडा."

"तुकडा कुठून आणायचा?"

सगळ्यांनी मन्याकडं बघितलं. मन्या चौथीत, आमच्या कमरेएवढा. त्यानं हात वर केला आन् विक्याचा नकार मोडला.

त्या दिवसापासून त्याचं नावच तुकडा!

*

घटनेत बोलायचं स्वातंत्र्य पण घातलं व्हतं. ते म्या घरी सांगून बघितलं. "आई, मला बोलायचा अधिकार हाय!"

"बोल की माझ्या राजा," आई म्हणली. "भांडी घासत बोल."

*

आता शेवटचा. सोनारीच्या पोरांसंगं मॅच ठरली व्हती. म्या पहिल्यांदा बाहेरगावी खेळणार, सगळ्या आळीला सांगून झालेलं. आन् मला आदल्या दिवशी खोडीची खाज सुटली.

एक कच्चं कवठ घेतलं, बैलाच्या शिंगांना लावून उरलेला हिरवा रंग फासला, हुबेहूब टेनिस बॉल, आन् विक्याला टाकलं फुलटॉस. विक्यानं जीव खाऊन हाणलं.

कवठ फुटलं. बॅटला वरपासून खालपर्यंत चीर!

"तू टीममधी न्हाय! सोनारीला दिसू नको!" विक्या गरजला.

सलीम म्हणला, "असं एकट्यानं हाकलता येत न्हाय. निवाडा लागतो." तो विहिरीच्या दगडावर बसला. "बोल रं, तू केलंस?"

"व्हय, म्या केलं. पण भिंतीवर कवठाचं काय लिहिलंय का?"

सलीमनं सगळी भिंत वाचली. "न्हाय लिहिलं. आधी कायदा, मग शिक्षा. ह्याला काढता येत न्हाय."

"तुला अंपायर म्या केला!" विक्या ओरडला.

"केलास की. काढता येत न्हाय."

बॅट त्याची. रान त्याच्या बापाचं. "निघा माझ्या रानातनं" म्हणला असता, तर कसली मॅच आन् कसली घटना!

विक्यानं कोळसा उचलला. आमाला वाटलं, पुसतोय आता. त्यानं सगळ्यात खाली लिहिलं : 'ह्याच्या पुढं कवठ न्हाय.'

"दादा, एकट्यानं लिहून चालत न्हाय," राणी म्हणली. "हात मोज."

विक्यानं दात खाल्ले, पण मोजाया लागला. राणीचा हात, सलीमचा, पहिला तर माझाच. सातावर गाडी अडली. बाकीचे तिघं खोड्या काढणारे, माझ्याच वळणाचे. हात खिशात.

"तुकडा कुठंय?" विक्यानं इचारलं.

पंपाच्या खोलीमागनं एक बारका हात वर आला. हातात फुटक्या कवठाचं अर्धुक व्हतं, आन् मन्याच्या गालाला गूळ.