एकसारखे डबे

वहिनी,

एक्याऐंशीत लग्न होऊन मी मुंबईला निघाले तेव्हा आये एसटीपर्यंत आली होती. माझ्या मांडीवर कुळथाच्या पिठाची पिशवी ठेवली आणि खिडकीखाली उभी राहून म्हणाली, "थंय घर नीट ठेव गो." गाडी सुटली. रडायला येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

घर मी नीट ठेवलं. मुलुंडच्या आमच्या स्वयंपाकघरात दोन माणसं एकदम उभी राहू शकत नाहीत. नळाला पाणी साडेपाच ते सात. तेवढ्यात पिंप भरायचं, कुकर लावायचा आणि दोघांचे डबे भरून आठच्या आत ऑफिससाठी बाहेर पडायचं. शोधाशोध परवडायची नाही. म्हणून जुन्या साड्या देऊन भांडीवालीकडून एकेक करत चोवीस डबे जमवले, सगळे एकाच मापाचे. ह्यांनी सुंदर अक्षरात चिठ्ठ्या लिहून त्यांवर चिकटवल्या. शेजारणी बघायला यायच्या, झकास म्हणायच्या. मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

बाबा गेले त्या वर्षी मी आयेला कायमची इकडे घेऊन आले आणि ती वीस दिवसांत परत गेली. का, ते तुम्ही मला दोनदा विचारलंत. हवा मानवली नाही, असं मी सांगितलं. तिनेही तेच सांगितलं असणार.

आम्ही ऑफिसला गेलो की ती स्वयंपाक करू बघायची. संध्याकाळी येऊन पाहावं तर डबे इकडचे तिकडे, झाकणांची अदलाबदल. मी पुन्हा लावत बसायची. एकदा आले तर डब्याडब्यावर शितं आणि काहीबाही चिकटलेलं. माझं डोकंच फिरलं. मुंग्या लागतील म्हणून तिच्यासमोर सगळे डबे साबणाने घासले आणि म्हटलं, "आये, तू कशाला हात लावू नको. नुसती बस."

ती बसली. चार दिवस बसली. पाचव्या दिवशी म्हणाली, "माका गावाक धाड. हय माझ्या हाताक कायच गावणा नाय." ह्यांनी तिला गावी तुमच्याकडे आणून सोडलं.

पुढे दिवाळीची साफसफाई करताना मागच्या रांगेत एक डबा घासायचा राहिलेला दिसला. 'चवळी' लिहिलेल्या चिठ्ठीखाली शिताने चिकटवलेला चवळीचा एक दाणा होता. आयेला वाचता येत नव्हतं आणि मला ते आठवलंसुद्धा नव्हतं. गावच्या फळीवर प्रत्येक बरणी वेगळी, तिचा हात न बघता बरोबर जायचा. इथे तिने चोवीस डबे उघडून, हुंगून एकेकाला खूण केली होती.

मला वाईट वाटायला हवं होतं. पाणी जायची वेळ झाली होती, मी पिंप भरायला गेले.

तुम्ही विचारता, तिकडचं, मुंबईचं घर आता आपलं वाटतं का. माझ्या हाताला इथे सगळं सापडतं. त्यापलीकडे घराबद्दल मला काही सांगता येत नाही.

आयेला पत्र लिहून सगळं कबूल करावं, असं पुष्कळदा मनात आलं. पण ते तिला तुम्हीच वाचून दाखवलं असतं, आणि मी काय केलं ते तुम्हाला कळलं असतं. एवढ्यासाठी लिहिलं नाही. परवा तिचं वर्षश्राद्ध झालं. आता हे तिला वाचून दाखवायचं नाही, तुम्हाला लिहायला हरकत नाही.