सरांना लाथ कशी मारायची?

"यामे!" परीक्षक ओरडले. यामे म्हणजे थांबा. आम्ही दोघंही जागच्या जागी थांबलो.

"बाई, तुमी पाय काहून नाई उचलून राह्यल्या?"

शीतलताईंनी मान खाली घातली. पांढरा ड्रेस घामाने अंगाला चिकटला होता. वाशीमच्या एका मंगल कार्यालयात ब्लॅक बेल्टची परीक्षा चालली होती. लग्नाची तिथी नव्हती, म्हणून हॉल मिळाला होता. मॅटवर शीतलताई उमेदवार आणि त्यांच्यासमोर लढायला उभा मी, म्हणजे त्यांचाच शिक्षक.

मी या जिल्ह्यात कराटे शिकवतो. केस पांढरे झाले, एक गुडघा कामातून गेला, तरी शिकवतो. ब्लॅक बेल्टची परीक्षा मात्र आपल्या शिक्षकाला घेता येत नाही, बाहेरून परीक्षक येतो. आमच्याकडे येणारे ठोंबरे सर अकोल्याचे. त्यांचं नाव काढलं तरी पोरं ताठ उभी राहतात. परीक्षेच्या दिवशी ते कुणाशी हसत नाहीत. शेवटची लढत उमेदवाराच्या शिक्षकाबरोबरच लावायची, ही त्यांची जुनी खोड.

शीतलताई शिरपूर जैन या गावच्या. नवऱ्याबरोबर कापडाचं दुकान चालवतात. मुलीला क्लासला सोडायला यायच्या आणि भिंतीशी बसून राहायच्या. एक दिवस म्हणाल्या, "सर, बसून बसून पाय आखडून राह्यले. मी बी उभी राहू काय?" मी गंमत समजून हो म्हटलं. मुलगी दहावीच्या अभ्यासाला लागली आणि क्लास सुटला. आई टिकली. चाळिशीच्या बाईने पंजाबी ड्रेसवर सुरुवात करून ब्लॅकच्या आधीच्या ब्राऊन बेल्टपर्यंत यावं, असं मी तरी आमच्या भागात दुसरं पाहिलेलं नाही.

त्या दिवशी सकाळपासून त्यांनी सगळ्यांना गप्प केलं होतं. आधी दमसास बघतात: उठाबशा, जोर, पळणं. कॉलेजची पोरं कडेला जाऊन ओकत होती. शीतलताई संथपणे सगळं पुरं करत होत्या, दुकानात गिऱ्हाइकाला ठाण उलगडून दाखवावं तसं. मग काता. काता म्हणजे समोर शत्रू आहे असं धरून ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली. त्यांचा काता सुरू असताना ठोंबरे सरांनी पेन खाली ठेवलं. मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, जिंकलो.

शेवटी कुमिते, म्हणजे प्रत्यक्ष लढत. फटका जोरात मारायचा नसतो, नेमका लावून आवरता घ्यायचा असतो. पण हात आणि पाय दोन्ही वापरावे लागतात. पाय दाखवला नाही तर नापास, त्यात तडजोड नाही. पहिल्या दोन लढतींत त्यांनी रिसोडच्या एका पोरीला आणि मंगरुळपीरच्या एका पोराला पायानेच हैराण केलं. तिसऱ्या लढतीत मी समोर आलो आणि त्यांचा पाय जमिनीला चिकटला.

मला कारण लगेच कळलं. आपल्याकडे चुकून कुणाला पाय लागला तरी वाकून हात लावतात आणि नमस्कार करतात. लहानपणापासून अंगात भिनलेलं असतं. नवीन पोरं क्लासमध्येही तेच करतात. लाथ लागली की मारणारा नमस्काराला वाकतो, आणि तेवढ्यात समोरच्याचा बुक्का त्याच्या डोक्यात बसतो. ही सवय मोडायला माझे पहिले कित्येक महिने जातात. शीतलताईंची मोडली होती, पण बरोबरीच्यांपुरती. माझ्यासमोर त्या कधी लढल्याच नव्हत्या. गुडघ्यामुळे मी फक्त फटके झेलायला पॅड धरायचो.

"बोला ना बाई," ठोंबरे सर म्हणाले. "पाय दुखते काय?"

"नाई सर."

"मंग?"

"यायच्याकडूनच शिकली मी. यायलेच लाथ कशी मारू?"

हॉलमध्ये कुणीतरी खुदकन हसलं. ठोंबरे सर हसले नाहीत. मी त्यांच्याजवळ गेलो. प्रश्न एका पट्ट्याचा नव्हता. शिरपूरला मुलींची बॅच आहे. आयांनी आधीच सांगितलेलं, शिकवायला बाई असेल तरच पोरी पाठवू. आजवर मी जायचो आणि शीतलताई सोबत असायच्या, म्हणून चालून गेलं. आता माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं. आणि आमचा नियम असा की ब्लॅक बेल्टशिवाय कुणी एकट्याने क्लास घ्यायचा नाही. शीतलताई नापास झाल्या तर बॅच बंद. पुढची परीक्षा वर्षाने. तोवर घरी बसलेल्या पोरी पुन्हा येतात थोड्याच? त्या सगळ्या त्या दिवशी पहिल्या बसने आल्या होत्या आणि भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"सर, मी बाजूला होतो," मी हळू आवाजात म्हणालो. "दुसरं कोणीबी उभं करा. त्यायची लाथ तुमी पाह्यलीच हाये."

"पाह्यली. चांगली हाये." ते मात्र मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "पन या बाईले पोरींचा क्लास घ्याचा हाये ना? पोरीले तरास देनारा दरवेळी अनोळखी नसते. काका असते, मामा असते, शिकवनारा सर असते. त्याच्यावर पाय उचलता नाई आला, तं बाकी सारं शिकून काय कामाचं? अन् जिले सोताले नाई जमत, ते पोरींले काय शिकवीन?"

मला त्यांचा राग आला. बोलले त्यात चूक काहीच नव्हती, म्हणून जास्तच आला.

शीतलताईंनी मान वर केली. "एक मिनिट भेटन काय, सर?"

"घ्या."

त्या भिंतीकडे वळल्या आणि पोरींकडे बघत उभ्या राहिल्या. आमच्याकडे पाठ होती. आता या कमरेचा पट्टा सोडतात आणि घरी जातात, असं मला वाटलं. पण त्या वळल्या, सरळ माझ्याकडे आल्या, वाकून माझ्या पायांना हात लावला आणि हात जोडले.

"उत्तम क्षमा, सर. आता जे होईन, त्याची."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. शीतलताई जैन. पर्युषण, म्हणजे त्यांचं उपासाचं पर्व, संपलं की जैन लोक घरोघरी जाऊन, हात जोडून क्षमा मागतात. वर्षभरात कळत-नकळत कुणाला दुखावलं असेल, त्याची. त्या दरवर्षी मलाही फोन करतात. पण ती मागच्याची क्षमा असते. पुढची क्षमा आगाऊ मागितलेली मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

"केली," मी म्हणालो.

"मनापासून?"

"अहो मनापासून."

"हाजिमे!" ठोंबरे सर ओरडले. हाजिमे म्हणजे सुरू करा.

शीतलताईंनी डावा हात माझ्या तोंडाकडे टाकला. मी अडवायला हात वर नेला आणि त्याच क्षणी मला कळलं की फसलो. हा डाव माझाच, मीच त्यांना शिकवलेला. उजवा पाय गोल फिरून आला आणि माझ्या बरगडीवर बसला. श्वास गपकन बाहेर पडला. आता या सवयीने वाकतील, असं वाटलं. वाकल्या नाहीत. हात तसेच वर, नजर माझ्यावर, आणि मी सावरतोय तोवर दुसरी लाथ पोटावर, वर एक बुक्का छातीवर.

"बाई, कंट्रोल!" ठोंबरे सर उठून उभे राहिले. "मास्तर जुना हाये!"

मग मात्र भिंतीकडच्या पोरींना कुणी आवरू शकलं नाही. मी मॅटवर एक गुडघा टेकून बसलो होतो. बरगडी ठणकत होती, आणि खरं सांगतो, इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या बेल्टच्या दिवशीही झाला नव्हता. माणसाने चाळीस वर्षं जे पाळलं ते एका मिनिटात टाकून देणं एक वेळ सोपं. या बाईने टाकलं काहीच नाही, आणि तरी मारलं.

संध्याकाळी निकाल लागला. शीतलताई पास. ब्लॅक बेल्ट शिक्षकाने बांधायचा असतो. मी एका हाताने बरगडी धरून दुसऱ्या हाताने गाठ मारायला गेलो, तर त्याच म्हणाल्या, "सोडा सर, मी बांधतो." आमच्याकडे बायकाही बोलताना 'बांधतो' असंच म्हणतात. ठोंबरे सर गाडीत बसता बसता मला म्हणाले, "असा उमेदवार अजून असन तं बोलवा." त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी तरी ऐकलेली नाही.

ऑपरेशननंतर काठी टेकत एकदा शिरपूरला गेलो. बॅच जोरात चाललेली. शीतलताईंनी पोरींच्या घरची मोठी माणसं बोलावली होती. बाप, काका, आजोबा, ज्यांच्यासमोर पोरी एरवी मोठ्याने बोलतही नाहीत. सगळे छातीशी पॅड धरून ओळीने उभे. एक भुसार व्यापारी काका, चांगले धिप्पाड. समोर त्यांची पुतणी, बारकीशी. तिचा पाय काही उठेना.

"नमस्कार करून घे आंधी," शीतलताई तिला म्हणाल्या, "अन् मंग मार. दोनी मनापासून."

पोरीने नमस्कार केला. काकांनी आशीर्वाद दिला. पुढच्या क्षणी काका दोन पावलं मागे गेले आणि मग स्वतःच हसायला लागले.

मी खुर्चीत बसून पाहत होतो. इतकी वर्षं मी प्रत्येक नव्या बॅचला नमस्कार सोडा, नमस्कार सोडा म्हणून ओरडत आलो. सोडायची काही गरज नव्हती. तो फक्त आधी उरकून घ्यायचा होता.